असर आणि भरती

रविवार. चांदाची १४ तारीख. रात्री साडेदहा.

पोटऱ्या ठणकतायत, केसांत वाळू आहे. तरी लिहूनच झोपणार. सकाळपर्यंत यातलं "वॉक छान झाला" एवढंच उरेल.

छान झाला खरा, पण माझ्यामुळे नाही. दिवस मी ठरवला होता आणि चुकीचा ठरवला होता. चांदाच्या १३, १४, १५ या तारखांना आमच्या मुस्लिम वॉक-गटातले बरेच जण नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे ठेवतात. म्हटलं, रोज्याचा दिवस, लांबलचक किनारा, शेवटी मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आणि इफ्तार एकत्र, याहून काय हवं? नमाजचं वेळापत्रक तीनदा तपासलं. भरतीचा तक्ता उघडूनही पाहिला नाही. चौदावा चांद म्हणजे उधाण. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरती सर्वात वर चढते. सगळा महिना चंद्रावर मोजणाऱ्या बाईने हे विसरावं! अजून लाज वाटतेय.

आम्ही एकतीस जण होतो. सर्वात लहान सात वर्षांचा, सर्वात मोठे चाचा सत्तरी ओलांडलेले, हातात काठी. वेगळा गट कशाला, असं मला अधूनमधून विचारतात. आधी मी दुसऱ्या गटांबरोबर जायचे. तिथे कुणी कधी वाईट बोललं नाही. पण नमाजची वेळ झाली की "पाच मिनिटं थांबाल का" हे विचारताना आवाज आपोआप लहान व्हायचा. इथे विचारावं लागत नाही, एवढंच. बाहेर याचा त्रास होणारेही आहेत. ब्रिटनमधला 'मुस्लिम हायकर्स' हा गट २०२१ च्या नाताळच्या दिवशी पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात चालून आला, तर फोटोंखाली लोकांनी नको नको ते लिहिलं. डोंगर चढल्याबद्दल!

सुरुवातीची वीस मिनिटं न बोलता चालायचं, हा आमचा नियम. मला तो फार आवडतो. काही ठिकाणी कुणीतरी पुढे राहून प्रत्येक लाटेवर कुरआनची एखादी आयत चिकटवत जातं. त्यात समुद्र ऐकूच येत नाही. कुरआनात समुद्र काही कमी नाही. सूरह कहफ या अध्यायात आहे, माझ्या रबच्या गोष्टी लिहायला समुद्राची शाई केली तरी त्या संपण्याआधी समुद्र संपेल. सूरह नूरमध्ये खोल पाण्यातला अंधार आहे, लाटेवर लाट, वर ढग, आणि स्वतःचा हातही दिसू नये असा काळोख. पण या आयती कुणी हातात दिल्या की पानासारख्या कोरड्या वाटतात. आज त्या वीस मिनिटांत मी काय चिंतन केलं? खरं लिहायचं तर ओल्या वाळूची पट्टी अरुंद होत चाललीय का, हेच बघत होते.

होत चालली होती.

पुढे कड्याखालून वळसा घालून वर जाणारी वाट आहे, आणि पाणी चढलं की तो वळसा बुडतो. त्यात असरचा, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या वेळेचा, वाद निघाला. एका पोराने चाचांची काठी वाळूत रोवून सावली मोजली. दुपारची मूळ सावली वजा करून ती काठीएवढी झाली होती. शाफई पंथाची मंडळी म्हणाली, वेळ झाली. हनफी पंथाचे म्हणाले, सावली दुप्पट होऊ द्या. कुणी म्हणालं, तोवर आपण पोहत असू. कॉलेजातल्या एकाने विचारलं, कस्र करून, म्हणजे प्रवासाची सवलत घेऊन, चारऐवजी दोनच रकाती (नमाजची आवर्तनं) पढल्या तर? चाचा म्हणाले, "बेटा, त्याला ७८-८० किलोमीटर प्रवास लागतो. तू सहा चाललायस." मग तेच म्हणाले की हनफी पंथ ज्यांच्या नावाचा, त्या खुद्द इमाम अबू हनीफांचे दोन शागीर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, एका सावलीलाच वेळ मानत. वाद मिटला. खरं तर पाण्याने मिटवला.

वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, बाटल्या निघाल्या तेव्हा गटातल्या थोरल्या आपांनी थांबवलं. हदीस सगळ्यांना ऐकून माहीत होती. समुद्रात जाणाऱ्या एकाने पैगंबरांना विचारलं होतं की सोबत गोडं पाणी थोडंच असतं, त्याने वजू केली तर तहानेने मरू, मग समुद्राच्या पाण्याने करावी का? उत्तर मिळालं, त्याचं पाणी पाक करणारं आहे. माहीत असणं वेगळं आणि ते खारं पाणी तोंडात घेऊन चूळ भरणं वेगळं. रोजेदारांचे चेहरे बघण्यासारखे होते, एक थेंब घशात जाऊ नये म्हणून.

किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, समुद्राच्या बाजूला निघाला. म्हणजे येणाऱ्या पाण्याकडेच तोंड. असरमध्ये इमाम मनात पढतो, त्यामुळे 'अल्लाहू अकबर'ची तकबीर सोडली तर फक्त लाटा. तिसऱ्या रकातीत पुढच्या सफेच्या, म्हणजे रांगेच्या, सजद्यात कपाळ टेकायच्या जागेजवळ फेस येऊन थांबला. मागच्या सफेत असण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच फायदा झाला.

सलाम फिरवून नमाज संपवली आणि पळालो. वळशावर पाणी गुडघ्याला लागलं. एका हातात आपांचा हात, दुसऱ्यात कुणाचं तरी पोर. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून न्यायची. ओठ आपोआप हलत होते, सगळ्यांचेच. त्या दहा मिनिटांत जेवढं मनापासून अल्लाहचं नाव घेतलं, तेवढं वर्षभरात घेतलं नसेल. आणि कड्यावर पोहोचल्याबरोबर काय केलं? सगळ्यांनी फोन बाहेर काढले. मीही. सूरह अन्कबूतमध्ये अगदी हेच आहे. नावेत बसले की खऱ्या मनाने त्यालाच पुकारतात, जमिनीवर सुखरूप आणलं की पुन्हा दुसऱ्यांना त्याच्या बरोबरीला बसवतात. ती आयत मूर्तिपूजकांबद्दल आहे असं समजून मी आजवर निवांत होते.

चाचांना तेवढ्यात काठी आठवली. खाली बघितलं तर पाण्यावर वीतभर टोक. "आता मोजा तिची सावली," म्हणाले.

मगरिबला रोजेदारांनी पाण्याने रोजा सोडला, मग जमातने नमाज झाली. त्यानंतर बराच वेळ कुणी उठेना. सगळे मावळतीकडे, समुद्राकडे तोंड करून बसलेले. सात वर्षांचा तेवढा कंटाळून मागे वळला आणि ओरडला. ज्याच्यापायी एवढी धावपळ झाली तो आमच्या पाठीमागून, जमिनीच्या बाजूने, कधीचा वर आला होता.

तक्ता आता उघडून बघितला. उद्या भरती सुमारे पाऊण तास उशिरा आहे. असर मिनिटभरच इकडेतिकडे. उद्या गेलो असतो तर दोन सावल्यांपर्यंत थांबता आलं असतं कदाचित.

उद्याही रोजा आहे. सहरीचा गजर लावला.