शीर बंद, धमनी खुली

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका निदान केंद्रात मी सोनोग्राफी आणि डॉप्लर तपासण्या करते. द्राक्षांचा हंगाम भरात असताना पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या बाई, आठवडाभर पोट दुखते म्हणून, फिजिशियनची चिठ्ठी घेऊन आल्या. उजव्या बरगडीखाली प्रोब टेकवताच पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, काळ्या पोकळीऐवजी करडा भरीव भाग दिसला आणि वाहते रक्त रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावल्यावरही तिथे रंगाचा ठिपका उमटला नाही. शिरेत ताजी गुठळी होती.

यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश याच शिरेतून येते. एवढा पुरवठा तुटूनही बाईंच्या रक्ताच्या अहवालात यकृताची इजा दाखवणारी बिलिरुबिन आणि एन्झाइम्स जवळपास नॉर्मल होती. शिरेला खेटून जाणारी यकृताची धमनी मात्र रुंदावली होती. हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातही तिच्यातून रक्त जोराने वाहत होते. प्रवाहाला होणारा विरोध दाखवणारा, साधारण ०.५५ ते ०.७० असणारा रेझिस्टिव्ह इंडेक्स ०.४६ वर आला होता. शिरेचा प्रवाह घटला की धमनी आपला प्रवाह वाढवते, ही पुस्तकात वाचलेली घटना इतक्या स्पष्टपणे पडद्यावर उमटलेली पाहून मी थक्क झाले.

धमनीला रुंदावण्याची ही सूचना शरीरातले एक रसायन, अ‍ॅडेनोसिन देते, असा खुलासा कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेन लॉट यांनी १९८० च्या दशकात मांडला. शीर आणि धमनी यांच्या सूक्ष्म शाखांभोवतीच्या चिंचोळ्या जागेत अ‍ॅडेनोसिन सतत तयार होत असते आणि शिरेतले वाहते रक्त ते धुऊन नेत असते. शिरेचा प्रवाह मंदावला की ते तिथेच साचते आणि धमनीच्या भिंतीतले स्नायू सैल करते. ही यंत्रणा मज्जातंतूंवर अवलंबून नाही, कारण प्रत्यारोपणात मज्जातंतू तोडलेल्या यकृतातही ती चालते. नायट्रिक ऑक्साइड आणि एंडोथेलिन हे संदेशवाहक यकृतात आणखी आत, केशिकांच्या पातळीवर, ताण कमीजास्त करतात. पण त्या दिवशी पडद्यावर दिसत होते ते मुख्यतः अ‍ॅडेनोसिनचेच काम, असे मला वाटते.

“डॉक्टर, माझं लिव्हर गेलं का?” बाईंनी विचारले. मी म्हटले, “नाही, ताई. कालव्याचं आवर्तन थांबलं की तुम्ही विहिरीवरची मोटार जास्त वेळ चालवता ना, तसं चाललंय. पण विहीर सगळी बाग भिजवणार नाही. आज घरी जाऊ नका, लगेच ॲडमिट व्हा.” हे केवळ धीर देण्यासाठी सांगितले नव्हते. धमनी तुटीचा काही भागच भरून काढते. शिवाय गुठळी आतड्याच्या शिरांत पसरली तर आतडे मरू शकते, आणि तिथे धमनीच्या या उदारपणाचा काही उपयोग नसतो. उलट दिशेची सोयही शरीरात नाही: धमनीचा प्रवाह घटला तर शीर आपला प्रवाह वाढवत नाही.

त्याच संध्याकाळी रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले. काही महिन्यांनी बाई पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा शिरेतून यकृताकडे अखंड प्रवाह दिसत होता आणि धमनीचा इंडेक्स ०.६३ झाला होता. उपचार गुठळीवर झाले होते, धमनीसाठी वेगळे काहीच दिले नव्हते. शिरेतले रक्त पुन्हा अ‍ॅडेनोसिन धुऊन नेऊ लागले आणि धमनी आपणहून आवळली. पोर्टल व्हेनच्या गुठळीच्या प्रत्येक अहवालात आता मी धमनीचा आकडाही लिहिते.