कोपरामागचं एक इंच

सातवीत असताना, १९९४ साली, विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटाच्या वाट्याला स्नायू आले. तक्ता काढून मोकळं व्हायचं असं आमचं ठरलेलं, पण सर म्हणाले तक्ता नको, हलणारा हात करा. मग काय, आंब्याच्या पेटीच्या दोन पट्ट्या, सायकलच्या दुकानातून एक नटबोल्ट आणि स्नायू म्हणून सुतळी. दंडाची पट्टी स्टँडला उभी, हाताची पट्टी खाली बोल्टवर, सुतळी ओढली की हात वर, सोडली की खाली, आम्ही जाम खूष.

सरांनी अख्खं मॉडेल टेबलावर आडवं केलं आणि म्हणाले आता सरळ करून दाखवा. सुतळी सोडली, हात वाकलेलाच. ढकलून बघितली तर ती नुसती गोळा झाली. सर एवढंच बोलले, "स्नायू पण असाच रे, त्याला फक्त ओढता येतं."

म्हणजे मागून दुसरी सुतळी हवी, पण बांधणार कुठे, आमची पट्टी तर बोल्टपाशीच संपत होती. तेव्हा सरांनी प्रत्येकाला स्वतःचं कोपर चाचपायला लावलं. मागे टोकदार लागतं ना, ते मनगटाकडून येणाऱ्या हाडाचंच टोक, दंडामागचा स्नायू, ट्रायसेप्स, तिथेच येऊन धरतो. नवीन पट्टी कापली, बोल्टच्या मागे एक इंच सोडून, आणि हात सरळ झाला! तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

पुढची सुतळीही सरांनी कोपराजवळ, ४ सेंटीमीटरवर बांधायला लावली, दंडाच्या पुढचा स्नायू, बायसेप्स, साधारण तेवढ्याच अंतरावर जोडलेला असतो म्हणून. पंजाच्या टोकाला, ३२ सेंटीमीटरवर, २०० ग्रॅमचं वजन टांगलं तर ताणकाटा दीड किलोच्या पुढे गेला. आम्ही तो तीनदा तपासला. पण सुतळी जरा ओढली की पंजा भरभर वर, ताकद जास्त लागते पण वेग मिळतो, हे पुस्तकातून कधीच डोक्यात शिरलं नसतं.

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्लास्टर निघालं की बऱ्याच पेशंटचा हात वाकतो पण पूर्ण सरळ होत नाही, मग मी तसंच लाकडी मॉडेल त्यांच्या हातात देते, मागची सुतळी त्यांनाच ओढायला लावते.

आमचं जुनं मॉडेल शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात अजून असेल तर बोल्ट थोडा सैलच ठेवा, घट्ट केला की कोपर अडकतं.