बांडुंगला कोणाला बोलवायचं?

भारतातून पाहुणे आले की त्यांना बांडुंगचा ज्वालामुखी बघायचा असतो आणि कपड्यांची खरेदी करायची असते. मी मात्र आधी त्यांना गेडुंग मर्डेकात, म्हणजे बांडुंग परिषद भरली त्या इमारतीत, नेते. जकार्त्यात राहायला आल्यापासून हा माझा हट्टच झालाय.

एप्रिल १९५५ मध्ये इथे आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांचे प्रतिनिधी या परिषदेसाठी जमले. तिथल्या भाषणांबद्दल सगळेच बोलतात. पण खरी रस्सीखेच झाली ती आधी, डिसेंबर १९५४ मध्ये, इंडोनेशियातल्याच बोगोर शहरात. भारत, पाकिस्तान, सिलोन, ब्रह्मदेश आणि इंडोनेशियाचे पंतप्रधान आमंत्रितांची यादी करायला बसले. चीन हवाच, हा नेहरूंचा आग्रह, पाकिस्तान नाखूश. ब्रह्मदेशाच्या ऊ नू यांना इस्रायलही हवा होता, पण मग अरब देश येईनात, म्हणून तो गळला. दक्षिण आफ्रिका नाही, तैवान नाही. व्हिएतनाम दोन्ही आणि कोरिया एकही नाही, हे तर मला आजही पटत नाही.

तरी बोगोरच्या निवेदनातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: आमंत्रण स्वीकारलं म्हणून दुसऱ्या कुठल्याही देशाच्या दर्जाबद्दलचं आपलं मत बदललं, असा अर्थ होत नाही. त्यामुळे चीनला मान्यता न दिलेले देशही चीनसोबत एका सभागृहात बसले.

आणि जागा तरी कोणती निवडली! हा डच मळेवाल्यांचा क्लब. इथला माणूस आत जायचा तो चाकरीला. याच शहरात १९३० साली डच न्यायालयाने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते सुकार्नो यांना शिक्षा ठोठावली होती. परिषदेचं उद्घाटन त्यांनीच केलं, देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून.

चीनला बोलावण्याची किंमत मोजली त्यात आपलीही माणसं होती. ११ एप्रिलला हाँगकाँगहून चिनी प्रतिनिधी आणि पत्रकारांना घेऊन निघालेल्या एअर इंडियाच्या 'काश्मीर प्रिन्सेस'मध्ये बॉम्ब फुटला. चीनचे पंतप्रधान चाउ एन लाय त्यात नव्हते. कॅप्टन दामोदर जटारांनी पेटलेलं विमान समुद्रावर उतरवायची शर्थ केली. १६ जण गेले, तिघे वाचले. त्यांत अभियंता अनंत कर्णिक. चाउ एन लाय तरीही बांडुंगला आलेच. जटारांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, पण माझ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांतही हे नाव कोणाला ठाऊक नसतं. आपल्या शाळांत जिथे जिथे बांडुंग परिषद शिकवतात, तिथे जटारांचं नाव यायलाच हवं.