कानामागची बट

"अगं, वर्षभरात केस वाढलेच नाहीत तुझे!" आज कर्वे रोडवर मावशी भेटली, तिचं पहिलं वाक्य हेच.

घरी येऊन न्हाले. कानामागची एक ओली कुरळी बट चिमटीत धरून हळूच ओढली. थेट खांद्याखाली आली! सोडली, तर टुणकन हनुवटीपाशी.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतातच. पाण्याने त्यांच्यातले काही बंध सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात आणि कुरळे केस वळून आखडतात. (म्हणूनच ओले कापले की फसगत होते.)

लहानपणी कोरडेच केस बारीक कंगव्याने विंचरले जायचे. किती रडायचे मी! आता कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर. मग आजीच्या सुती साडीच्या तुकड्याने नुसते टिपते.

तुमच्या कुरळ्या लेकीचे केस कसे विंचरता?