सुरंगीचा वळेसर डब्यात ठेवून

मार्चचा शेवटचा शनिवार. आसोलीहून आमच्या युनिटवर कामाला येणाऱ्या बाईने सकाळी माझ्यासाठी सुरंगीचा वळेसर आणला. एरवी तो हातात पडल्या पडल्या मी केसात माळते. त्या दिवशी मात्र स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी वेंगुर्ला आणि मालवणच्या मधल्या एका रिसॉर्टवर व्हिस्की टेस्टिंगला जायचं होतं. सुरंगी डोक्यात असली की दुसरा कुठला वास नाकात शिरत नाही. पावडर नाही, खोबरेल नाही. दुपारी बांगडासुद्धा टाळला, पेज आणि भाजलेला पापड खाल्ला.

वास हा माझा धंदा आहे. चौदा वर्षं मी हापूसचा पल्प आणि कोकमाचं आगळ करते. आंब्याची पेटी उघडली की देठाजवळ नाक नेऊन मी फळं वेगळी काढते, आणि एखादा पल्प बिघडायला लागला तर जिभेच्या आधी नाकाला कळतं. त्यामुळे 'सहा सिंगल माल्ट, जाणकाराबरोबर, हुंगण्यापासून सुरुवात' ही जाहिरात वाचली तेव्हा मनापासून वाटलं की हे माझ्यासाठीच आहे. माणशी 2,500 रुपये. मी दोघांचे भरले. पुतण्याला गाडी चालवायची होती, तो फक्त हुंगणार होता.

आधीचे पंधरा दिवस मी बरंच वाचलं. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी विकली जाते तिच्यातली बरीचशी साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटची असते. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आणलेलं सातू, आणि सगळं काम एकाच भट्टीघरात. ब्रिटनचा कायदा सांगतो की ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं ठेवल्याशिवाय तिला स्कॉच म्हणायचं नाही. अमेरिकेत त्यांच्या बर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं नवं कोरं पिंपच लागतं, म्हणून त्यांची एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला आणि आपल्याकडेही येतात. व्हिस्कीतला व्हॅनिलाचा वास बराचसा त्या लाकडातून उतरतो. लाकडातून वास कसा उतरतो, हे मला नाकाने समजून घ्यायचं होतं. तेवढीच अपेक्षा होती.

हॉलच्या दारातच रूम फ्रेशनरचा मोगरा आला. कोपऱ्यात उदबत्ती, भिंतीवर स्पीकर, आणि आतच गॅसच्या शेगडीवर सुरमई तळली जात होती. मी तशीच परत फिरणार होते. टेबलावर ग्लास होते ते सरबताचे, रुंद तोंडाचे. व्हिस्की हुंगायला तोंडाशी निमुळता ग्लास लागतो, नाहीतर वास वर येऊन पसरून जातो. मी पल्प हुंगते तो छोटा निमुळता ग्लास सोबत नेला होता, आणि आगळाची आम्लता तपासताना वापरते तो ड्रॉपरही. वेटरने विचारण्याआधीच सगळ्यांच्या ग्लासात बर्फ टाकायला सुरुवात केली. मी माझ्या ग्लासावर तळहात ठेवला.

माहिती सांगणारा मुलगा तिशीच्या आतला, नीट कपड्यातला, आवाज चांगला. पण पहिल्या ग्लासापासून त्याची एकच रीत. आम्ही नाकाजवळ नेतोय न नेतोय तोच हातातल्या कार्डावरून वाचायचा : हनी, व्हॅनिला, ग्रीन अॅपल. दुसऱ्याला ड्राय फ्रूट, टॉफी. तिसऱ्याला आणखी काही. याचा मला खरंच राग आला. एकदा कोणी 'सफरचंद' म्हणालं की नाक सफरचंदच शोधत बसतं. मी नव्या बाईला आंबा निवडायला शिकवते तेव्हा आधी फळ हातात देते आणि गप्प बसते. तिला जे वाटेल ते तिने म्हणावं, मग माझं सांगते. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपातली दुसरी व्हिस्की हुंगताना मला कोकमाच्या वाळलेल्या सोलांचा वास लख्ख आला होता, उन्हातून आत आणलेल्या चौथ्या दिवसाच्या सोलांचा. टॉफी कानावर पडली आणि तो गेला. परत सापडला नाही.

चौथा ग्लास बेंगळुरूच्या अमृतचा. या कंपनीने आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती 2004 साली, तीही थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. हे मला फार आवडतं. मी विचारलं, आपल्या हवेत वर्षाला पिंपातली किती उडून जाते? उत्तर आलं, पुढच्या स्लाइडवर आहे. पुढच्या स्लाइडवर बाटल्यांचे फोटो होते. स्कॉटलंडमध्ये साधारण 2 टक्के उडते, इथल्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट. म्हणून आपली माल्ट पाच-सहा वर्षांत तयार होते आणि त्यानंतर फार काळ ठेवणं परवडत नाही. आमच्याकडे आगळ नुसतं कोठीत ठेवलं तरी एप्रिल-मे त्याला वेगळा करून सोडतो. या एका गोष्टीवर अर्धा तास बोलता आलं असतं.

पाचवा ग्लास भरला गेला आणि लाईट गेली.

स्पीकर बंद, एसी बंद, पडद्यावरच्या बाटल्या गेल्या. कोणीतरी समुद्राकडची दोन्ही दारं सताड उघडली. खारा वारा आत आला आणि पाच मिनिटांत तो मोगरा नि तळणाचा धूर बाहेर निघून गेला. माझ्या शेजारी दोडामार्गकडचे एक काका बसले होते, काजूच्या बागा करणारे. ते हळूच म्हणाले, "आता खरा हुंगूक गावतला." माहिती सांगणारा मुलगा कार्ड खाली ठेवून टेबलाच्या कडेला बसला आणि त्याने संध्याकाळी पहिल्यांदाच विचारलं, "तुम्हाला कसला वास येतोय?"

ती लॅफ्रोयग होती, स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. तिथे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या शेवाळ-गवताच्या मातीच्या विटा कापतात, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेलं सातू सुकवतात. धूर दाण्याला जो चिकटतो तो पिंपातून बाटलीपर्यंत येतो. पुतण्याने माझा ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाला, "काकी, होडयेक डांबर लावल्यार येता तसो." काका म्हणाले, दवाखाना. मला आधी ओली जाळी आली, मग भिजलेलं सरपण. मी ड्रॉपरने पाण्याचे तीन थेंब सोडले. मोबाइलच्या उजेडात थेंबामागून तेलकट धागे वळत खाली उतरताना दिसले, पाण्यात आगळ ओतल्यावर दिसतात तसेच, फक्त रंग नाही. पुन्हा नाक नेलं तर धूर पुढे आलेला. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून हेच दाखवलं होतं : धुराचा वास देणारा ग्वायकॉल पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे येतो. वाचलेलं होतं ते त्या क्षणी नाकाला पटलं. ग्लास आणि ड्रॉपर तीन टेबलं फिरून आले. त्या मुलालाही मी हुंगायला दिला. त्याने बराच वेळ डोळे मिटून ठेवले.

दहाएक मिनिटांनी जनरेटर आला, आणि त्याबरोबर गाणीही. सहावी गोव्याची पॉल जॉन होती, कुंकळ्ळीची. आमच्याच किनाऱ्यावरच्या उकाड्यात मुरलेली, मला सगळ्यात जास्त उत्सुकता तिचीच. पण तोवर लोक जेवणाकडे वळले होते. दोन घोट मी गडबडीत घेतले, त्यावर मत देणं बरोबर नाही.

काका निघताना काजूच्या बोंडांपासून काढतात त्या हुर्राकबद्दल बोलत राहिले. आमच्या बाजूचे बोंडू एकतर झाडाखाली कुजतात नाहीतर टेम्पोत बसून गोव्याला जातात. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पहिल्या धारेचा हुर्राक आणि दुसऱ्यांदा काढलेली फेणी शेजारी शेजारी ठेवून, जाणत्या माणसाबरोबर हुंगायला कोणी बसवलं तर मी मालवणपासून पेडण्यापर्यंत कुठेही जाईन.

पैसे वसूल झाले का, असं पुतण्याने गाडीत विचारलं. नाही झाले. सहा ग्लास मिळून जेमतेम 90 मिली, त्यातली चार गोंगाटात आणि तळणात गेली. ज्यांनी हे ठरवलं त्यांना खर्च करायची गरजच नव्हती : दारं उघडी, शेगडी बाहेर, प्रत्येक ग्लासाला पाच मिनिटं शांतता. हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सविस्तर लिहून कळवलं आहे. आणि तरीही ती दहा मिनिटं माझ्याजवळ आहेत. मी नाकाने खूप काही ओळखते असं मला वाटायचं. त्या अंधारात एक नवीन वास पूर्णपणे, घाई न करता, माझा झाला. चौदा वर्षांत असं फार वेळा घडलेलं नाही.

माझा निमुळता ग्लास मी न धुता घरी आणला. व्हिस्की संपली तरी सुकलेल्या ग्लासात रात्रभर वास राहतो, असं वाचलं होतं. सोमवारी सकाळी युनिटवर नेला आणि आसोलीच्या बाईच्या हातात दिला. कसला आहे ते सांगितलं नाही. तिने दोनदा हुंगला, थोडा दूर धरला, पुन्हा जवळ नेला.

"ताई," ती म्हणाली, "इंगळार पाणी मारल्यार येता ना, तसो."