इमानवाल्या आबाजींची पेटी

रविवार, रात्री साडेनऊ

तुरीवरची फवारणी अर्ध्यातच राहिली. पंप सुरूच होईना. वैतागून घरी आलो तर दारात भंगारवाला. बायको म्हणाली, कोठ्यातली ती लोखंडी पेटी देऊन टाका एकदाची, बुडाला भोकं पडली आहेत.

पेटी आबाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची. गावात त्यांना इमानवाले म्हणत. आपल्याकडे विमानाचं इमान होतंच, आणि आबाजींना तो शब्द दोन्ही अर्थांनी आवडायचा. ते वायुदलात इंजिन फिटर होते, पण लढाईची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. सांगायचे ती लढाई संपल्यानंतरची.

दुसरं महायुद्ध आटोपलं तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर बॉम्बफेकी विमानांची रांगच्या रांग पडून होती. अमेरिकेने लेंड-लीजच्या, म्हणजे युद्धापुरतं सामान उसनं द्यायच्या करारावर ब्रिटिशांना दिलेली. पुढे कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून ब्रिटिशांनी जाताना त्यांची मोडतोड करून ठेवलेली. "इंजिनात रेती टाकली होती ना बाप्पा," आबाजी सांगत, "जित्या बैलाच्या तोंडात माती कोंबावी तशी." रेतीपाशी आले की त्यांचा आवाज चढायचा. चालत्या यंत्राची अशी गत करणाऱ्याला त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

हिंदुस्थान एअरक्राफ्ट या बंगळुरूच्या विमान कारखान्याच्या लोकांनी एकाची मोडकी वस्तू दुसऱ्याला लावत ती उडण्याजोगी केली. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती बंगळुरूला नेली. तिथे पुरती दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये त्याच विमानांवर आपल्या वायुदलाची ५ नंबरची स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, उभी राहिली. आबाजी तिथले.

लहानपणी ते मला विचारत, "एका इंजिनाले चौदा सिलिंडर, दर सिलिंडरले दोन प्लग, अन् इंजिनं चार. सांग बरं किती?" मी बोटं मोडत ११२ म्हणायचो. "हे समदे मी या हातानं पुसले," म्हणत हात पुढे करायचे. नखांच्या कडा अखेरपर्यंत काळ्याच होत्या.

आजीची आठवण निराळी. १९४९ पासून रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं रात्री नागपूरला सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. तीही युद्धातून उरलेली डाकोटा मालवाहू विमानंच. आमचं गाव कळमेश्वर तालुक्यातलं, घरघर अंगणात ऐकू यायची. आजी सासूला म्हणे, "तुमच्या लेकाचं पत्र चाललं पाहा." पत्र मात्र यायचं महिन्यातून एक.

लिबरेटर १९६८ पर्यंत उडत राहिली. पुढे त्यातलंच एक आपण ब्रिटिशांना भेट दिलं, तिथल्या वायुदलाच्या संग्रहालयासाठी. हे ऐकून आबाजी इतके हसले होते की ठसका लागला. "आमीच दुरुस्त करून देल्लं त्याईले!"

पेटीत उंदरांनी कातरलेला निळसर कोट निघाला, पितळेची तीन बटणं, आणि मेणकापडात गुंडाळलेला प्लग खोलायचा पाना. इतक्या वर्षांत त्यावर गंजाचा एक ठिपका नाही. पेटी गेली, साडेसात किलो भरली. कोट बायकोने उन्हात टाकला. तो टाकायचा की ठेवायचा, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

पाना घेऊन मी थेट पंपाकडे गेलो. म्हटलं, आता कसा सुरू होत नाही बघू. बसवला तर ढिला. नुसताच गरगर फिरला, प्लग जागचा हलला नाही. विमानाचा प्लग तो, पंपाच्या प्लगाहून जाड.

शेवटी शेजारच्या काकांकडून पाना आणला. प्लग काढला तर काजळीने भरलेला. पॉलिश पेपर मारून पुसला, घट्ट बसवला, तिसऱ्या झटक्याला पंप धडधडला. तोवर अंधार पडला होता. फवारणी उद्या सकाळी, वारा पडला तर.