दोन आणि चार

ड्रम्सच्या क्लासला नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात विचारतात, "कुठलं गाणं वाजवायचंय?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण या प्रश्नाने भलेभले गडबडतात. मनात असतं आशाबाईंचं एखादं गाणं, तोंडातून निघतं जरा तरुण वाटेल असं काहीतरी इंग्रजी, आणि हात म्हणत असतात, बाई गं, यातलं आम्हाला काहीच येत नाही.

माझा क्लास ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, टेलरच्या दुकानाच्या वर. सर चोविशीतले, मी पन्नाशीला टेकलेली. सुरुवातीला ते मला मॅडम म्हणायचे, मग ताई म्हणू लागले, आणि एकदा पेडलवर पाय कसा ठेवायचा ते दाखवताना "काकू, टाच खाली" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून काकूच. मी मात्र त्यांना अहोजाहो करते. ज्याच्या हातात स्टिक तो सर.

घरी मुलाचं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट आहे. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना त्याने गिटार नेली आणि किट ठेवलं. बरेच दिवस त्याच्या स्टँडवर मी ओढण्या वाळत घालत होते. अजूनही पावसाळ्यात घालते.

तर गाणं निवडायचं. सरांची कसोटी सोपी आहे: ज्या गाण्यात ड्रमरला कंटाळा आला असेल असं वाटतं, ते आपलं. म्हणून नवशिक्याला जवळपास सगळीकडे 'बिली जीन' देतात. १९८२च्या 'थ्रिलर' या अल्बममधलं मायकल जॅक्सनचं गाणं. त्यात ड्रम्स वाजवलेत लिऑन 'न्डुगू' चॅन्सलर यांनी. सुरुवातीला नुसते ड्रम्स येतात, मग बेस. एक-दोन-तीन-चार असं मोजत राहायचं. तेवढ्यात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, आठ सरळ ठोके, एक आणि तीनवर किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, दोन आणि चारवर स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम, आणि हेच शेवटपर्यंत. मायकल जॅक्सन किंचाळो, उसासे टाको, ड्रमर हलत नाही. ऐकताना वाटतं, यात काय आहे? वाजवायला बसलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत हात आपणहून काहीतरी सजावट करायला बघतात. बाजूच्या ड्रमवर एखादा जास्तीचा टॉम, मोठ्या झांजेवर एखादा क्रॅश. ते न करणं हाच त्या गाण्याचा धडा आहे. चॅन्सलर हे मोठमोठ्या जॅझवाल्यांबरोबर वाजवलेले वादक. त्यांना काय काय येत असेल, आणि त्यांनी त्यातलं किती वाजवलं नाही, हे कळायला मला हातात स्टिक घ्यावी लागली.

सोपं म्हणून संथ गाणं निवडणारे क्लासमध्ये पुष्कळ येतात. तो मोह समजण्यासारखा आहे, पण संथ गाणं फार कठीण. मिनिटाला साठ ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये अख्खा एक सेकंद. तेवढ्या वेळात मनाला गॅसवरचं दूध आठवतं, उद्याचा डबा आठवतो, आणि पुढचा ठोका कधी लवकर पडतो, कधी उशिरा. 'बिली जीन'चा वेग मिनिटाला ११७. दोन ठोक्यांत अर्धा सेकंद, म्हणजे भरकटायला सवडच नाही. शंभर ते एकशेवीसच्या दरम्यानचं गाणं नवशिक्याला सांभाळून घेतं. त्याहून जलद झालं की मनगट बोलायला लागतं. फोनवर वेग पाऊण करायची सोय असते, त्याने ११७चे ८८च्या आसपास होतात आणि हात बसवायला बरं पडतं. फक्त मायकल जॅक्सन दुपारी पुरणपोळी जेवून उठल्यासारखा गातो, तेवढं चालवून घ्यायचं.

माझी खरी लढाई मात्र दोन आणि चारशी आहे. आपण मराठी माणसं जन्मापासून समेवर टाळी देतो. आरतीत देतो, भजनात देतो, गडकरी रंगायतनला निवेदकाने "टाळ्या वाजवून साथ द्या" म्हटलं की अख्खं सभागृह एक आणि तीन धरतं. ड्रम्सवर नेमकं उलट. एकावर पाय जातो, जोराचा हात पडतो तो दोन आणि चारवर. मी आपला केरवा ताल मांडून पाहिला: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. हाय-हॅटचे आठ ठोके त्यावर नीट बसतात आणि किकही पहिली-पाचवीवर मुकाट्याने येते. पण स्नेअर पडतो तिसऱ्या 'ना'वर आणि सातव्या 'धि'वर, जिथे आपल्याकडे टाळीही नाही आणि खालीही नाही. जिथे इतकी वर्षं कुणी बघितलंही नाही, तिथे आता जोरात मारायचं. लहानपणी पेटीच्या क्लासला गेले होते त्याचा इथे उपयोग झाला तेवढाच त्रासही झाला.

यावर सरांनी जे गाणं दिलं त्यात ड्रम्सच नाहीत. क्वीन या इंग्लिश बँडचं १९७७चं 'वी विल रॉक यू'. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. त्या मंडळींनी स्टुडिओत खरोखरच पाय आपटून आणि टाळ्या वाजवून ते पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं आणि थरावर थर चढवले. त्यातली टाळी नेमकी दोन आणि चारवर येते. किटला हात न लावता, खुर्चीत बसून, मांडीवर हात मारत मी ते केलं. अंगात जे शिरायला हवं होतं ते तिथून शिरलं. नवशिक्याने पहिलं गाणं बिनड्रम्सचं निवडावं असं मी आता छातीठोकपणे सांगते. कुणी विचारत नाही, तरी सांगते.

'द व्हाइट स्ट्राइप्स' या बँडचं २००३चं 'सेव्हन नेशन आर्मी' हे दुसरं आवडतं. त्यात ड्रम्स वाजवणाऱ्या मेग व्हाइट या बाईला फार काही येत नाही असं तिच्याबद्दल बोलणारे बरेच. मला ते पटत नाही. त्या बँडमध्ये माणसं दोनच. गाण्याच्या सुरुवातीला बेस वाटतो तो आवाजसुद्धा गिटारचाच, आवाज बदलणाऱ्या पेडलने सप्तकभर खाली उतरवलेला. मागे लपायला कुणी नाही. अशा ठिकाणी चारही ठोक्यांवर सरळ किक देत राहणं आणि गाण्याला हवं तेव्हाच वर चढणं, हे ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा बसून दाखवावं.

आता आमच्या घरातली गाणी. जुनी हिंदी गाणी लावून वाजवायला बसलं की एक गंमत होते: वाजवायचं काय तेच सापडत नाही. एका गाण्यात ढोलक, तबला, बोंगो, कोंगो, शिवाय ड्रम्स, आणि सगळे मिळून एक ताल विणतात. त्यातला ड्रम्सचा धागा वेगळा काढायचा कसा? कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी, पंचमकडे ड्रम्स वाजवणारे फ्रँको वाझ, ही नावं मला किटवर बसल्यावर भेटली. त्याआधी चाळीस वर्षं मी त्यांनाच ऐकत होते. 'चुरा लिया है'च्या सुरुवातीला जी किणकिण आहे ती काचेच्या ग्लासाची. तिला कुठल्या पॅडवर मारायचं? शिवाय तेव्हा कानात टिकटिक लावून रेकॉर्डिंग होत नसे. सगळा ताफा एकत्र वाजवायचा, त्यामुळे गाणं श्वास घेतं, कडव्यात जरासं सैलावतं, मुखड्याला सावरतं. टिकटिक करणारा मेट्रोनोम लावला की तो आणि गाणं थोड्या वेळात एकमेकांचं तोंड बघत नाहीत. म्हणून ती गाणी मी शिकायला घेत नाही. नुसतं हाय-हॅट धरून त्यांच्या बाजूला चालते.

सरांना मी 'तीसरी मंझिल'मधला ड्रम्स वाजवणारा शम्मी कपूर दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "काकू, हे मानेनेच जास्त वाजवतायत."

सकाळच्या लोकलला शेजारच्या डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ, ढोलकी, आणि ढोलकी नसेल त्या दिवशी डब्याचा पत्रा. जाळीपलीकडून मी मात्रा मोजत उभी असते. ठाण्याला सुरू झालेला अभंग कुर्ल्यापर्यंत दुपटीला जातो आणि डबा पेटतो. आपल्याकडे लय चढली की रंग भरला म्हणतात. क्लासमध्ये तेच केलं की सर हात वर करतात, "रश होतंय." सुरुवातीला ११७ असेल तर शेवटीही ११७. तुमच्या अंगात काय आलंय याच्याशी गाण्याला कर्तव्य नाही. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. माझ्या मते दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाच्या हातात टाळ असतो आणि दुसऱ्याच्या कानात हेडफोन.

क्लासमध्ये एक कॉलेजचा मुलगा आहे, पथकात ताशा वाजवतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत राम मारुती रोडला मी त्याला उन्हात तासन् तास वाजवताना पाहिलंय. त्याच्या मनगटाचा वेग बघून मला रडू येतं. पण त्याला हळू वाजवता येत नाही. स्नेअरला हात लावला की अख्ख्या इमारतीला निमंत्रण. त्यामुळे सर त्याला मुद्दाम मऊ, कुजबुजती गाणी देतात आणि मला मुद्दाम दणदणीत. औषधासारखं दुखणं बघून गाणं द्यायचं, ही त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडते. आवड वगैरे नंतर.

घरचा सराव ही सोसायटीच्या राजकारणाची बाब आहे. नियमाने रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ची. आमच्या सोसायटीचा नियम त्याहून कडक: दुपारी दोन ते चार टाचणी पडता कामा नये. हेडफोन लावून वाजवलं की माझ्या कानात पूर्ण बँड असतो आणि खोलीत नुसती टपटप. पण किकचं पेडल जमिनीला धरून असतं आणि त्याचा धक्का थेट स्लॅबमधून खाली उतरतो. मुलाने फोनवरून उपाय सांगितला: प्लायवूडच्या दोन फळ्या, मध्ये टेनिसचे चेंडू, त्यावर किट. बराच फरक पडला. सगळा नाही.

उरलेलं खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छतातून झिरपतं. ते मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. गाणं त्यांना ऐकू जात नाही, स्टिकही नाही, फक्त किक. तेवढ्यावरून ते ओळखतात. लिफ्टमध्ये भेटले की "काय गो बाय" म्हणून सुरुवात होते आणि मग कळतं की काल मी गाणं बदललं हे त्यांना समजलंय, आणि आधीचं बरं होतं. आधीचं म्हणजे 'सेव्हन नेशन आर्मी'. त्यांना ते लेझीमसारखं वाटतं. मेग व्हाइटला कळवायला हवं.

गेल्या महिन्यात त्यांनी फर्माईश केली: एखादं कोळीगीत वाजव, हळदीला वाजतं तसं. मी सरांना सांगितलं. सर पहिल्यांदाच खूश झाले, कारण बरीचशी कोळीगीतं सहाच्या झोक्यात चालतात आणि मला चारच्या घरातून बाहेर काढायला ते निमित्त शोधतच होते. हाय-हॅटवर सहा, एकावर किक, चारवर स्नेअर. म्हणजे इतक्या कष्टाने बसवलेले दोन आणि चार इथे नाहीत. चार आहे, पण त्याचा या नव्या हिशोबात जुन्याशी काही संबंध नाही. सरांनी सांगितलंय, आधी नुसतं हाय-हॅट, सहा सारखे पडायला लागले की मगच पाय घालायचा. त्यामुळे आजोबांना खाली अजून काहीच ऐकू जात नाही. रोज विचारतात, सुरू केलंस का. मी सांगते, केलंय. त्यांचा विश्वास बसत नाही.